नोव्हेंबरचा गहू

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या कॅन्सस राज्यात गव्हाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि कापणी जूनमध्ये. नोव्हेंबर उजाडतो तेव्हा शेतांतून बोटभर उंचीची हिरवी पाती दिसू लागलेली असतात. मग थंडी येते, जमीन गोठते, पुष्कळदा बर्फ पडतो आणि ते पीक जणू झोपी जाते. नेमक्या याच दिवसांत, राज्याच्या पूर्व भागातील लॉरेन्स या गावी, कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम सुरू होतो. पिकाचा आणि खेळाचा परस्परांशी संबंध असण्याचे तसे काही कारण नाही. तरीही लॉरेन्समध्ये असा एक चाहता आहे, की ज्याच्या मनात या दोन गोष्टी लहानपणापासून एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्याचे वडील गव्हाचे शेतकरी होते. आणि याच संघाचे चाहतेही होते.

महाविद्यालयीन खेळ म्हटल्यावर आपल्यासमोर जे चित्र उभे राहते, त्यापेक्षा अमेरिकेतील चित्र फार निराळे आहे. तेथे विद्यापीठाचा संघ हा केवळ विद्यार्थ्यांचा नसतो. तो गावाचा असतो, पंचक्रोशीचा असतो, आणि पुष्कळ घरांत तो वारसाहक्काने आलेला असतो. वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात. नोव्हेंबरच्या आरंभापासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ तीसेक सामने खेळतो. मग मार्चमध्ये अडुसष्ट संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिचा नियम निष्ठुर आहे : एक सामना हरला, की हंगाम संपला. एप्रिलच्या आरंभी एकच संघ असा उरतो, की ज्याचा शेवटचा सामना विजयाचा असतो. त्यामुळे सगळ्यांचे डोळे मार्चकडे लागलेले असतात. हिशेब मार्चचा, स्मरण मार्चचे, कीर्तीही मार्चचीच. नोव्हेंबर आणि डिसेंबर यांना या हिशेबात फारसे स्थान नाही.

या चाहत्याचे प्रेम मात्र नोव्हेंबरवर आहे. त्याचे कारण समजून घ्यायचे, तर ज्या इमारतीत तो वर्षानुवर्षे येऊन बसतो तिच्याकडे आधी पाहिले पाहिजे.

ॲलन फील्डहाउस ही चुनखडीच्या दगडाची मोठी इमारत १ मार्च १९५५ रोजी खुली झाली. पंधरा हजारांहून अधिक माणसे तिच्यात बसतात. आजच्या नव्या क्रीडागृहांतील गुबगुबीत खुर्च्या तेथे फारशा नाहीत. लांबलचक बाकांवर माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. विद्यापीठाच्या टेकडीवरील खडकाचा उल्लेख असलेला ‘रॉक चॉक’ हा घोष १८८६ साली रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने रूढ केला. विजय निश्चित झाला, की हजारो कंठांतून तो अत्यंत संथ लयीत निघू लागतो. प्रथमच ऐकणाऱ्यास आपण क्रीडागृहात आहोत की प्रार्थनामंदिरात, असा क्षणभर संभ्रम पडावा. त्यानंतर प्रेक्षक दोन्ही हात उंच करून डावीकडून उजवीकडे झुलवतात. त्याला ते ‘गहू डोलवणे’ म्हणतात. चाहत्याच्या वडिलांना याचे नेहमी हसू येई. नोव्हेंबरात गहू असा डोलत नसतो. असे डोलायला त्याला जून यावा लागतो, असे ते म्हणत. म्हणत, आणि स्वतःचेही हात वर करीत.

ज्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे, त्याला जेम्स नेस्मिथ यांचे नाव आहे. बास्केटबॉल हा खेळ त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. शरदातील फुटबॉल संपलेला आणि वसंतातील बेसबॉल अद्याप दूर. मधल्या हिवाळ्यात कंटाळलेल्या तरुणांना व्यायामशाळेच्या चार भिंतींत खेळता येईल असे काहीतरी हवे होते. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली. म्हणजे हा खेळ मुळातच दोन ऋतूंमधील पोकळी भरण्यासाठी जन्माला आला. ते तेरा नियम टंकलिखित केलेले मूळचे दोन कागद २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरना विकत घेतले गेले आणि आज ते फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत काचेआड ठेवलेले आहेत.

नेस्मिथ १८९८ साली लॉरेन्सला आले आणि विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी १८९९ मध्ये या संघाने आपला पहिला सामना खेळला आणि तो १६–५ असा गमावला. नेस्मिथ यांच्या कारकीर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जय-पराजयाचे पारडे पराजयाकडे झुकलेले असे ते एकमेव प्रशिक्षक आहेत. खेळाचा जनकच तेवढा हरणारा निघाला, असे गावातले लोक विनोदाने सांगतात. परंतु त्या विनोदात आपुलकी असते. नेस्मिथ यांना खेळ हा प्रामुख्याने शरीर आणि शील यांच्या घडणीसाठी हवा होता. जिंकण्याच्या शास्त्रावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. ते शास्त्र पुढे त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलन यांनी उभे केले. इमारतीला नाव आहे ते त्यांचे.

या ॲलन यांच्या वाट्याला आलेला एक प्रसंग चाहत्याने वडिलांकडून असंख्य वेळा ऐकला होता. फिलाडेल्फियाचा विल्ट चेंबरलेन हा सात फूट उंचीचा तरुण कॅन्ससला यावा म्हणून ॲलन यांनी जिवाचे रान केले. तो आला. परंतु त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. तो दुसऱ्या वर्षात येण्यापूर्वीच, सत्तरी गाठल्यामुळे, ॲलन यांना १९५६ साली सक्तीने निवृत्त व्हावे लागले. ३ डिसेंबर १९५६ रोजी चेंबरलेन आपला पहिला सामना नॉर्थवेस्टर्नविरुद्ध खेळला. त्याने ५२ गुण केले आणि ३१ रिबाउंड घेतले. पेरले एकाने आणि पाहिले दुसऱ्यांनीच. पाहणाऱ्यांत चाहत्याचे वडील होते. वीस वर्षांचा तो विद्यार्थी त्या रात्री वरच्या बाकांवर उभा होता. शिक्षण संपवून पुढे तो आपल्या वडिलांच्या शेतावर परतला आणि आयुष्यभर गहू पिकवीत राहिला.

त्या हंगामाचा शेवट सर्वश्रुत आहे. मार्च १९५७ च्या अंतिम सामन्यात, तीन वेळा जादा वेळ खेळून, कॅन्सस नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४–५३ असे हरले. अमेरिकेतील खेळावरच्या लेखनात हा पराभव वारंवार येतो. पण वडिलांनी तो सामना क्वचितच आठवला. ते सांगत ती डिसेंबरमधील रात्र. त्या रात्री अद्याप काहीच हरलेले नव्हते, एवढ्यासाठी नव्हे. तर त्या रात्री त्यांनी जे पाहिले ते पुढे काय झाले यावर अवलंबून नव्हते, म्हणून. वडिलांनी हे असे शब्दांत कधी मांडले नाही. मुलाला ते फार उशिरा उमगले.

मुलगा १९८४ साली त्याच विद्यापीठात शिकायला आला. वडील दर हंगामाच्या आरंभी शेतावरून गाडी हाकीत येत. पेरणी उरकलेली असे, पाती वर आलेली असत, आणि वसंत येईपर्यंत शेतात करण्यासारखे फारसे काही नसे. त्या दोघांचे सामना पाहणे एकसारखे नव्हते. मुलगा गुणफलक पाही. वडील माणसे पाहत. हंगामाच्या आरंभीचे बरेचसे सामने दुबळ्या संघांशी असतात. लहान महाविद्यालये मोठ्या विद्यापीठात येऊन खेळण्याचा मोबदला घेतात आणि बहुधा मोठ्या फरकाने हरून जातात. अशा सामन्यांत पाहण्यासारखे ते काय, असे मुलाला वाटे. वडील मात्र अशाच सामन्यांत रमत. चूक झाल्यावर कोणता मुलगा प्रथम प्रशिक्षकाच्या बाकाकडे पाहतो आणि कोणता थेट बचावासाठी मागे धावतो. जमिनीवर निसटलेल्या चेंडूसाठी कोण अंग टाकतो. वीस गुणांची आघाडी असतानाही फ्री थ्रो घेण्यापूर्वी कोण श्वास आवरून उभा राहतो – हे ते पाहत. पुढे ताण वाढला, की ही सगळी माणसे एका साच्यात घट्ट बसतात आणि मग ती नीट दिसत नाहीत, असे त्यांचे मत होते. संघाबद्दलचा अभिप्राय ते नव्या वर्षापूर्वी देत नसत. फार आग्रह केला, तर एवढेच म्हणत, “वर आलाय. अजून हिरवा आहे.”

नोव्हेंबर १९८७ मध्ये मुलगा शेवटच्या वर्षाला होता. डॅनी मॅनिंगसारखा खेळाडू असल्यामुळे संघाकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात आरंभापासूनच घसरण झाली. दुखापती झाल्या, पराभव साचत गेले. जानेवारीच्या अखेरीस, घरच्या मैदानावरील सलग पंचावन्न विजयांची मालिका शेजारच्याच कॅन्सस स्टेटने मोडली. फेब्रुवारीच्या आरंभी संघाच्या नावावर बारा विजय आणि आठ पराभव होते. गावाने आशा सोडली होती. याच संघाने ४ एप्रिल १९८८ रोजी कॅन्सस सिटीत ओक्लाहोमाला ८३–७९ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अकरा पराभव पदरी असलेला विजेता त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. बावीस वर्षांच्या मुलाने त्या रात्री जो धडा घेतला तो सोपा होता : आरंभ वाईट असला तरी शेवट गोड होतो.

त्यानंतरच्याच नोव्हेंबरने हा धडा खोटा पाडला. पण तो वेगळ्याच रीतीने. खेळाडू मिळवताना नियमभंग झाल्याबद्दल विद्यापीठावर कारवाई झाली आणि विजेत्या संघाला पुढील राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेण्यास मनाई करण्यात आली. प्रशिक्षक लॅरी ब्राउन आधीच निघून गेले होते. मॅनिंगही गेला होता. रॉय विल्यम्स हे नवे प्रशिक्षक तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते. १९८८–८९ चा तो हंगाम असा सुरू झाला, की त्याला मार्च नव्हता. कितीही जिंकले तरी पुढे काही नाही आणि कितीही हरले तरी गमावण्यासारखे काही नाही. मुलगा आता विद्यार्थी राहिला नव्हता. लॉरेन्समध्येच तो शाळेत शिकवू लागला होता. या वर्षी जाण्यात काय अर्थ आहे, असे त्याने वडिलांना विचारले. वडिलांना तो प्रश्नच समजला नाही. ते नेहमीप्रमाणे आले, नेहमीच्या बाकावर बसले आणि नव्या मुलांची नावे पाठ करू लागले. शेवट काढून घेतलेल्या त्या हंगामात मुलगा प्रथमच वडिलांच्या डोळ्यांनी सामना पाहू लागला. मार्च नाही म्हटल्यावर समोर होते ते फक्त खेळणारे दहाजण आणि चेंडू.

पुढील तेहेतीस वर्षे दोघांनी मिळून पाहिली. त्या अवधीत वडील म्हातारे झाले, मुलाचे केस पांढरे झाले. खेळाडूंचे वय मात्र वाढले नाही. ते नेहमी अठरा ते बावीस या वयाचेच राहिले. महाविद्यालयीन संघाच्या चाहत्याचे नशीब हे असे चमत्कारिक असते. नटसम्राट म्हातारा होतो आणि त्याच्याबरोबर त्याचा प्रेक्षकही म्हातारा होतो. येथे तसे होत नाही. चाहता एकटाच पुढे सरकतो. आरंभी हे खेळाडू त्याला मोठ्या भावांसारखे वाटतात, मग बरोबरीचे, मग विद्यार्थ्यांसारखे, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात येते की समोर धावणारा मुलगा आपल्या नातवाच्या वयाचा आहे.

पूर्वी निदान चार वर्षांची संगत मिळत असे. बुजऱ्या, काटकुळ्या मुलाचा खांदेभरला तरुण होताना पाहायला मिळे. हळूहळू तेही उरले नाही. उत्तम खेळाडू एका वर्षात व्यावसायिक संघांकडे जाऊ लागले. २०२१ सालापासून एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठांनाही त्यांना थेट पैसे देता येतात. यात अन्याय कोणावर झाला, असे म्हणणे कठीण आहे. ज्यांच्या घामावर कोट्यवधी डॉलरचा व्यवहार चालला होता, त्या मुलांना इतकी वर्षे त्यातले काही मिळत नव्हते, हाच खरा अन्याय होता. चाहत्याला हे पटते. तरीही दर नोव्हेंबरात जवळजवळ सगळा संघ नवा पाहताना त्याच्या मनात प्रश्न उभा राहतोच : आपली निष्ठा नेमकी कोणावर आहे? खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, नियम बदलले. मग राहिले काय? सदऱ्यावरील अक्षरे, चुनखडीच्या भिंती, आणि शेजारच्या बाकावर बसलेला माणूस.

शेजारचा हा माणूस २०२१ च्या शरदात फील्डहाउसच्या पायऱ्या चढू शकत नव्हता. वडील पंच्याऐंशीचे झाले होते आणि शेत विकून मुलाच्या घरी राहायला आले होते. त्या हंगामाचे आरंभीचे सामने दोघांनी दूरदर्शन संचावर पाहिले. ९ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्ससने मिशिगन स्टेटला ८७–७४ असे हरवले. ओचाई अगबाजी हा चौथ्या वर्षाचा खेळाडू – जुन्या पद्धतीने शेवटपर्यंत थांबलेला – विलक्षण खेळत होता. वडिलांना तो आवडे. चूक झाल्यावर तो बाकाकडे पाहत नाही, असे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते.

२६ नोव्हेंबर हा थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस होता. घरात पाहुणे होते, आदल्या दिवशीच्या जेवणाचे उरलेसुरले ताटांतून फिरत होते. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ चाललेल्या एका स्पर्धेत कॅन्ससचा सामना डेटनशी होता. ओहायोतील या संघाने त्या महिन्यात आपल्याच मैदानावर ओळीने तीन लहान संघांकडून हार खाल्ली होती. राष्ट्रीय क्रमवारीत चौथ्या असलेल्या कॅन्ससला त्याची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. अखेरच्या क्षणी कॅन्सस एका गुणाने पुढे होते. डेटनचा एक प्रयत्न अडवला गेला, चेंडू मुस्तफा आमझिलच्या हाती आला, आणि वेळ संपता संपता त्याने टाकलेला चेंडू आत पडला. ७४–७३. घरात शांतता पसरली. मुलगा रागाने उठला. इतक्या वर्षांत शिकलेले सारे विसरून तो त्या विशीतल्या मुलांना नावे ठेवू लागला. वडिलांनी त्याचे बोलणे संपू दिले. मग त्यांनी विचारले, “पुढचा सामना केव्हा आहे?”

रविवारी, असे त्याने सांगितले.

रविवारचा सामना कॅन्ससने जिंकला. परंतु वडिलांना मध्यंतरापूर्वीच झोप लागली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. आरंभापासून शेवटपर्यंत त्यांनी पाहिलेला शेवटचा सामना म्हणजे डेटनकडून झालेला पराभव.

४ एप्रिल २०२२ च्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलिना अंतिम सामन्यात समोरासमोर आले. पासष्ट वर्षांपूर्वीचे तेच दोन संघ. मध्यंतराला कॅन्सस ४०–२५ असे मागे होते. अंतिम सामन्यात मध्यंतराची एवढी पिछाडी तोवर कोणी भरून काढली नव्हती. कॅन्ससने ती भरून काढली आणि ७२–६९ असे विजेतेपद मिळवले. नोव्हेंबरात डेटनकडून हरलेला तो हाच संघ. गावातील माणसे रस्त्यावर उतरली. चाहता घरातच बसून राहिला. त्याच्या मनात वारंवार एकच गोष्ट येत होती : वडिलांना हे कळले नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या पदरी शेवटी पडला तो एक अपुरा हंगाम, आणि त्यातलीही हार.

हे शल्य त्याला पुष्कळ दिवस पुरले. मित्रांनी समजूत घातली, की वडील जेथे असतील तेथून पाहत असतील. त्याला ते पटले नाही. काहींनी सुचवले, की डेटनच्या पराभवानेच संघ शहाणा झाला. यावर त्याने विचार केला. वडील सांगत, की हिवाळी गव्हाला थंडी लागतेच. हेच बियाणे थंडी टाळून वसंतात पेरले, तर पाने येतात पण ओंबी धरत नाही. पराभवाचे असेच काही आहे का? उपमा सुंदर होती, परंतु शिक्षकी पेशातल्या त्या माणसाला तिचा भरवसा वाटेना. कारण त्याच नोव्हेंबरात डेटनही होते. कॅन्ससला हरवणाऱ्या त्या संघाला, घरच्या मैदानावरील त्या तीन पराभवांचे ओझे शेवटपर्यंत उतरवता आले नाही. मार्चमध्ये अडुसष्ट संघांची यादी जाहीर झाली तेव्हा वगळल्या गेलेल्यांत पहिले नाव डेटनचे होते. थंडी दोघांनाही लागली. ओंबी एकालाच धरली.

उलट प्रकारही त्याने पाहिला. २०२४ च्या नोव्हेंबरात क्रमवारीत पहिल्या स्थानावर असलेल्या कॅन्ससने नॉर्थ कॅरोलिनाला ९२–८९, मिशिगन स्टेटला ७७–६९ आणि ड्यूकला ७५–७२ असे हरवले. एकाच महिन्यात असे तीन विजय म्हणजे हिरवेगार शेत. डिसेंबर उजाडताच संघ क्रेटन आणि मिसूरी यांच्याकडून हरला, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात आर्कान्सॉने त्याला ७९–७२ असे बाहेर काढले. पत्रकारांनी क्रमवारी लावण्याची प्रथा १९४९ पासून चालत आली आहे. आरंभावरून शेवट सांगण्याचा हा उद्योग इतक्या वर्षांनंतरही तितकाच कच्चा आहे. १९८७, २०२१ आणि २०२४ हे तीन नोव्हेंबर शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतून कोणताही नियम निघत नाही. आरंभाला शेवटाविषयी काही ठाऊक नसते, एवढेच खरे.

मग आरंभ पाहायचा तो कशासाठी? याचे उत्तर चाहत्याला एका दफनभूमीत मिळाले. जेम्स नेस्मिथ यांचे निधन लॉरेन्समध्येच २८ नोव्हेंबर १९३९ रोजी झाले. गावाच्या पूर्वेकडील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दुसऱ्या नोव्हेंबरात चाहता तेथे सहज फिरत गेला होता. दगडावरची तारीख त्याने यापूर्वीही वाचलेली होती. त्या दिवशी ती त्याला दिसली. बास्केटबॉल निर्माण करणारा माणूस हंगामाच्या तोंडावर गेला होता. त्या हंगामात फॉग ॲलन यांचा संघ प्रथमच राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मार्च १९४० मध्ये इंडियानाकडून ६०–४२ असा हरला. नेस्मिथ यांना त्यातले काहीच कळले नाही; विजयाची ती चाहूलही नाही आणि ती हारही नाही. पण म्हणून त्यांचे आयुष्य अपुरे राहिले, असे कोण म्हणेल? १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी टोपल्या ठोकल्या तेव्हाही पुढचे काही त्यांना दिसत नव्हते. हिवाळा होता, मुले कंटाळली होती, आणि त्या दुपारपुरता खेळ हवा होता.

चाहत्याला वडिलांचा शेवटचा प्रश्न तेथे आठवला. आजवर तो प्रश्न त्याने एका अपुऱ्या राहिलेल्या इच्छेसारखा मनात बाळगला होता. खरे तर त्यात अपुरेपण नव्हते. पुढचा सामना केव्हा, असे विचारणारा माणूस पराभव मोजत नव्हता आणि विजेतेपदाची वाटही पाहत नव्हता. हंगाम चालू असताना मधूनच उठून जावे लागणे, हे प्रत्येकाच्याच वाट्याला येते. शेवटची शिट्टी ऐकून घरी जाणारा प्रेक्षक जगाच्या व्यवहारात कोठे आढळत नाही. ॲलन यांनी आणलेला चेंबरलेन त्यांच्या हाताखाली एकही सामना खेळला नाही. शेतकऱ्याने विकलेल्या शेतात दुसऱ्याचा गहू उभा राहतो. वडिलांना हे ठाऊक होते, म्हणूनच नव्या वर्षापूर्वी ते अभिप्राय देत नसत. आणि म्हणूनच प्रत्येक आरंभीचा सामना तेवढ्यापुरता पूर्ण आहे, अशा लक्षपूर्वक रीतीने ते पाहत.

त्याच आठवड्यात फील्डहाउसमध्ये एका लहान महाविद्यालयाशी सामना होता. चाहता नेहमीच्या बाकावर जाऊन बसला. शेजारच्या जागेवर एक तरुण विद्यार्थिनी आली होती. तिचा हा पहिलाच हंगाम. मैदानावरच्या नव्या मुलांपैकी कोण कोण आहे, हे तिला ओळखता येत नव्हते. चाहत्याच्या खिशात नावांची यादी होती. ती तिच्यासमोर धरून त्याने एकेकाकडे बोट दाखवायला आरंभ केला. तिसऱ्या नावाशी येईतो चेंडू उडाला. यंदाचा संघ कसा आहे, असे तिने विचारले.

“वर आलाय,” तो म्हणाला, “अजून हिरवा आहे.”

तिला त्याचा अर्थ लागला नसावा. परंतु तेवढ्यात जमिनीवर निसटलेल्या एका चेंडूसाठी कोणीतरी अंग टाकले, आणि दोघेही तिकडे पाहू लागले.